बोटीचे कान

बाळांनो, असं समजा की तुम्ही एका बोटीत बसला आहात. समुद्रावरच्या नव्हे. चाकण मागं पडलं, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती संपल्या, की पुढं डोंगरांच्या मध्ये धरणाचं पाणी लागतं ना, तिथल्या. पत्र्याची बोट आहे. वर निळ्या ताडपत्रीचं छत, दोन्ही अंगांना बाकं. एप्रिल महिना. पाणी असं चकाकतंय की डोळे बारीक करावे लागतात. इंजिनाची धडधड चालू आहे, आणि तुम्हाला तिची इतकी सवय झाली आहे की ती ऐकूसुद्धा येत नाही.

आणि मग ती बंद पडते.

आधी एक खोकला. मग आणखी एक. मग काही नाही. बोट आपल्याच वेगानं थोडी पुढं सरकते आणि थबकते. तेव्हा कळतं की पाणी किती गप्प असतं आणि काठ किती लांब.

बोटीतल्या वीसेक माणसांनी एकदम मान वळवून किसनकडे पाहिलं. किसन शेवटच्या बाकावरून उठत होता. साठी ओलांडलेला, अंगानं बारीक माणूस, सदऱ्याच्या खिशात चष्मा. बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री तोच. त्याच्या शेजारी त्याची नात दीक्षा बसली होती. पाचवीतली. सुट्टी लागली की ती आजोबांबरोबर पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या घरून इथं यायची, दर रविवारी.

"काका, उतरून धक्का मारायचा का?" पुढच्या बाकावरून एक तरुण ओरडला. सगळे हसले. चाकणच्या एका कंपनीतली ही माणसं, बायकामुलं घेऊन सहलीला आली होती. त्यामुळं हसायला तयारच होती.

"एअर घेतली रं तिनं, किसन!" सुकाणूपाशी बसलेला चिमाजी म्हणाला. चिमाजी मोशीचा. बोट तो चालवायचा. दणकट अंग, डोक्याला पांढरा रुमाल. त्यानं बाकाखालून पाना काढलाही होता. "नट ढिला करून हवा काढतो. आत्ता चालू व्हतीय बग."

"चिमाजी, पाना खाली ठेव."

"आरं पन…"

"ठेव म्हणतो ना."

चिमाजीची सगळी हयात डिझेलवर गेलेली. कंपनीतले जनरेटर, गावातले ट्रॅक्टर. डिझेलच्या नळीत हवा शिरली, की नट ढिला करायचा, फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, हवा निघून गेली की नट आवळायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण ही बोट पेट्रोलवर चालायची. जुन्या व्हॅनचं इंजिन तिच्या पोटात, मधोमध, एका पत्र्याच्या पेटीत बसवलेलं होतं. त्या तापलेल्या पेटीत कुणी नट ढिला केला असता, तर पेट्रोल तळाशी सांडलं असतं, त्याची वाफ तिथंच साचून राहिली असती, आणि मग सेल्फ मारताना एक ठिणगी उडायचा अवकाश. हे किसन कुणाला बोलला नाही. माणसं घाबरली की एकाच बाजूला धावतात, आणि बोट कलते.

त्यानं नेहमीच्या आवाजात सांगितलं, "जरा सगळे पुढच्या अंगाला सरका. एकेक जण, सावकाश. बिडी-सिगारेट कुणी पेटवू नका. ताई, तुम्हीपण उठता का?"

पेटीच्या झाकणावर त्या दिवशी लाल गादी टाकलेली होती, आणि गादीवर रुपाली नावाची एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. "मघापासून खालून नुसती भट्टी लागलीय," ती उठता उठता म्हणाली. "मला वाटलं, बोटीत असंच असतं."

किसननं गादी उचलली, झाकण वर केलं. गरम हवेचा असा लोट आला की त्याला तोंड फिरवावं लागलं.

"काय झालंय आजोबा?" दीक्षा त्याच्या कोपरापाशी येऊन उभी राहिली होती. सगळ्यांना सांगितलेलं आपल्याला लागू नसतं, असा तिचा समज होता.

"उसाचा रस नळीनं पितेस ना? नळीत मध्येच बुडबुडा अडकला तर काय होतं?"

"फुर्रर्र होतं."

"रस येतो?"

"नाही. नुसती हवा."

"हं. टाकीत पेट्रोल आहे, नळी शाबूत आहे, पंपही चांगला आहे. पण पेट्रोल फार उतावळं. पाण्याला उकळायला चूल लागते, याला नुसती गरम पेटी पुरते. नळीतल्या नळीत त्याची वाफ झाली, की पंप बिचारा वाफच ओढत बसतो. इंजिनाला काही मिळत नाही. कंपनीत टेस्टिंगला आम्ही त्याला व्हेपर लॉक म्हणायचो."

"मग जाताना का नाही झालं?"

किसनला असा प्रश्न आला की बरं वाटायचं. "चालू असताना पेट्रोल वाहत असतं, मागून गार पेट्रोल येत राहतं. बंद केलं की नळीतलं तिथंच थांबतं, आणि इंजिन तर तापलेलंच असतं. पलीकडच्या काठाला आपण फोटो काढायला थांबलो ना, तेव्हा ते शिजत बसलं. निघताना कार्बोरेटरमध्ये होतं तेवढ्यावर इथवर आलो. तेवढं संपलं."

"मग आता?"

"आता फडकं भिजवायचं, पंपावर आणि नळीवर ठेवायचं, आणि वाट बघायची. गार झालं की वाफेचं परत पेट्रोल होतं."

"आपलं आपण?"

"आपलं आपण. वाट बघणं हेच काम."

तिनं बोटीच्या कडेवरून वाकून फडकं भिजवून दिलं. पंपाला टेकताच चर्र झालं. आणि फडकं ठेवता ठेवता किसनच्या मनात आलं, की असं व्हायला नको होतं. ह्याच गोष्टीसाठी तर त्यानं बोटीला कान केले होते.

कान हे नाव दीक्षाचं. पेटीतून वर निघालेली पत्र्याची दोन नळकांडी, तोंडं वाकवलेली. एकातून बाहेरची हवा आत जायची, दुसऱ्यातून तापलेली हवा आणि पेट्रोलचा वास बाहेर पडायचा. गेले दोन उन्हाळे बोट एकदाही अशी बसली नव्हती.

आज कानांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सकाळी दीक्षाला इथं चिमाजीजवळ सोडून तो त्याची जीप घेऊन चाकणला गेला आणि पेट्रोलचे कॅन घेऊन आला, तेव्हा माळा बांधून झालेल्या होत्या. "पावनं येणार म्हनून नटवलीया," चिमाजी म्हणाला होता. पेटीवर गादी बघून किसन जरा कुरकुरला, पण माळा पाहून त्याला हसू आलं होतं.

आता त्यानं माळ बाजूला केली आणि नळकांड्याच्या तोंडापाशी तळवा धरला. हवा लागली नाही. त्यानं बोटं आत घातली. पोत्याचा बोळा हाताला आला. घट्ट, ठासून भरलेला. दुसऱ्या कानातही तसाच.

त्यानं बोळे उपसून काढले आणि हातात धरून उभा राहिला.

"ते मी घातलेत," दीक्षा हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "चिमाजीआबा म्हणाले, आत गांधीलमाश्या घर करतायत, पाहुण्यांना चावतील. माझे हात बारीक आहेत ना, म्हणून मी ठासले. वर माळा आबांनी बांधल्या. घालायचे नव्हते का?"

किसननं चिमाजीकडे पाहिलं. चिमाजी डोंगराकडे पाहत होता.

आता बाळांनो, इंजिन गार व्हायला वेळ आहे. पाहुण्यांनी भेळ काढली आहे, गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या आहेत. तेवढ्यात या दोघांची ओळख करून घेऊ.

किसननं तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत टेस्टिंगला काम केलं. म्हणजे नवीन इंजिन लोखंडी चौथऱ्यावर आवळायचं, चालू करायचं, पूर्ण वेगानं पळवायचं, कान देऊन ऐकायचं आणि बंद करायचं. किती इंजिनं पळवली याची त्यानं कधी गणती केली नाही. पण त्यातलं एकही जागचं हललं नाही. कुठल्या गाडीत बसलं, कुणाला घेऊन कुठं गेलं, हे त्याला कधी कळलं नाही. घरी त्याची बायको गिरजाबाई चिडवायची, "आयुष्यभर गाडी चालवली माणसानं, आणि गेला कुठं? कुठंच नाही!"

चिमाजी त्याच कंपनीत जनरेटरवर. किसन नवा लागला तेव्हा कँटीनमध्ये काही जण त्याच्या टेबलावर बसायचे नाहीत. का, ते तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. चिमाजी एक दिवस भाकरीचं फडकं घेऊन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "काय आणलंयस? निम्मं दे." तेव्हापासून रोज निम्मं. सकाळी भेटले की चिमाजी राम राम म्हणायचा, किसन जय भीम म्हणायचा, आणि दोघांनाही उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं.

कंपनीत एक रीत होती. पाळी बदलताना चार्ज द्यायचा. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं: कुठल्या मशीनला हात लावला, काय सोडलं, काय आवळलं, काय बिघडलं. चूक झाली असेल तर तीही सांगायची. चूक सांगितली तर ओरडा बसायचा, पण लपवली तर पुढच्या पाळीच्या माणसाची बोटं जायची. म्हणून चार्ज देताना कुणी खोटं बोलत नसे. फोरमनशी बोलत, बायकोशी बोलत, पण चार्ज देताना नाही.

दोघंही मागंपुढं निवृत्त झाले. आणि चिमाजीच्या डोक्यात बोट आली. धरणाकाठी ज्योतीराम नावाच्या माणसानं पाहुण्यांसाठी झोपड्या, झोके, चुलीवरचं जेवण असं काढलं होतं, त्याला बोट हवी होती. मोशीला चिमाजीच्या रिकाम्या गोठ्यात दोघांनी ती बांधली. सांगाडा चिमाजीनं जोडला, इंजिन किसननं बसवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून ती चाकणच्या चौकातून नेली, तेव्हा ट्रकांच्या रांगेत अडकलेले ड्रायव्हर खाली उतरून विचारत होते, "काय भाऊ, पूर येणारे का?" ज्या दिवशी ती पाण्यात उतरली, त्या दिवशी किसन मागच्या बाकावर बसला आणि काठ लांब जाताना बघत राहिला. त्यानं चालू केलेलं इंजिन पहिल्यांदाच त्याला कुठंतरी घेऊन चाललं होतं. घरी जाऊन त्यानं गिरजाबाईला सांगितलं, "गेलो बरं का मी." तिला काही कळलं नाही.

एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, बाळांनो. त्या बोटीचा मिस्त्री असणं.

भेंड्या रंगात आल्या होत्या. किसन सुकाणूपाशी गेला आणि चिमाजीच्या शेजारी बसला.

"सांगायचं तरी," किसन म्हणाला.

"सांगितलं असतं तर बोट काढू दिली असतीस व्हय?"

"नसती."

"मंग?" चिमाजी रुमालानं मान पुसत म्हणाला. "ज्योतीराम म्हनला, मागल्या पावण्यांच्या कापडांना पेट्रोलचा वास आला. परत वास आला तर नवी बोट आनतो, डायव्हरसकट. आता मी काय करू? म्हनलं, एक दिसाची तर बात हाय."

"पोरीच्या हातानं करून घेतलंस."

"माजा हात आत जाईना."

किसनला त्याही स्थितीत हसू आलं असतं, एवढं ते खरं होतं. त्यानं मान हलवली. "काठाला लागल्यावर सांग ज्योतीरामला. वासाचं काय करायचं ते बघू आपण. नळकांडी उंच करू, छताच्या वर काढू. पण सांग."

"सांगतो की."

"तूच सांग. मी बोलणार नाही."

"सांगतो म्हनलं न्हवं?"

आणि किसनचा राग तिथंच निम्मा उतरला. माणूस चुकतो. चार्ज देतो. संपलं.

थोड्या वेळानं त्यानं पेटीत हात घातला. पंप हाताला सोसण्याइतका झाला होता. त्यानं वाकून तळाशी वास घेतला, दोन्ही कानांतून वारा खेळतोय हे बघितलं, आणि मग म्हणाला, "मार सेल्फ." इंजिन दोनदा कुरकुरलं आणि धडधडू लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रुपालीच्या लेकरानंही वाजवल्या. झाकण उघडंच ठेवून बोट काठाकडे निघाली.

काठावर ज्योतीराम उन्हात उभा होता. पांढरा शर्ट, हातात मोबाइल. त्याच्या शेजारी पाहुण्यांच्या कंपनीचे एक साहेब घड्याळ बघत होते.

"काय हे चिमाजीअण्णा? जेवणाची पंगत बसून राहिलीय तिकडं. आणि दुसरी फेरी? बाकीची माणसं किती वेळ थांबणार?" तो किसनकडे वळला. "किसनकाका, तुम्ही असताना बोट बंद पडते म्हणजे काय? झालं काय नेमकं?"

किसननं चिमाजीकडे पाहिलं. पोत्याचे बोळे अजून स्वतःच्याच हातात होते.

चिमाजीनं बोटीचा दोर खुंटाला गुंडाळला. सावकाश गाठ मारली. मग कमरेवर हात ठेवून तो हसला.

"काय न्हाई शेठ. किसनची नात. सकाळी खेळता खेळता पोरीनं हवंच्या नळकांड्यात बोळं कोंबलं. इंजिन तापलं. ल्हान जीव, तिला काय कळतंय! आता काढल्यात. झालं गेलं."

ल्हान जीव, हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं, की किसनला आधी कळेचना. आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतोय असं वाटलं. मग कळलं, आणि पायांखालची फळी पाण्यावर हलावी तसं झालं. पण तो तर काठावर उभा होता.

"मी कोंबले," दीक्षा म्हणाली. ती सगळ्यांच्या मध्ये उभी होती. "पण आबा, तुम्हीच सांगितलंत ना? गांधीलमाश्या आहेत म्हणून? वरून माळा बांधल्यात तुम्ही."

"बगा," चिमाजी हसत ज्योतीरामला म्हणाला. "घाबरलीय. पोरं अशीच. माजा नातू गनराज बी तसाच, काच फोडतोय आन् म्हनतोय आबांनी फोडली."

कंपनीचे साहेब हसले. ज्योतीरामचा चेहरा सैल झाला. लहान मुलीचा खोडसाळपणा. यात कुणाचाच कमीपणा नव्हता. त्याचा नाही, बोटीचा नाही, कुणाचाच. "असं होय!" तो म्हणाला. त्यानं दीक्षाच्या डोक्यावर टपली मारली. "फारच उद्योगी दिसतेस गं. किसनकाका, जाऊ द्या, ओरडू नका तिला. फक्त पुढच्या वेळेपासून पोरीला आणू नका, म्हणजे झालं. येत्या रविवारी जरा लवकर या."

म्हणजे सगळं मिटलं होतं. किसननं नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. बोट राहणार होती, मागचं बाक राहणार होतं, लांब जाणारा काठ राहणार होता. एका पोरीनं खोडी केली, एवढं मान्य करायचं. आठ दिवसांनी ते कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

दीक्षा रडत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती. घरी ती चुकली की किसन तिला एकच सांगायचा: काय केलंस ते सांग, मग ओरडा मिळेल, पण मार कधीच नाही. तिनं सांगितलं होतं. बोटीत सांगितलं होतं, आता सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"शेठ," किसन म्हणाला, "माझी नात खोटं बोलत नाही."

"अहो, लहान आहे ती…"

"लहान आहे. खोटं बोलत नाही."

"मग काय चिमाजीअण्णा खोटं बोलतायत?"

किसननं चिमाजीकडे पाहिलं. अजून वेळ गेलेली नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, पाळी बदलताना म्हणायचा तसं, "चिमाजी, चार्ज दे."

चिमाजीच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग तो ज्योतीरामकडे वळला.

"कसला चार्ज? शेठ, वय झालं वो त्याचं. नातीवर आलं म्हनून बोलतोय. मनावर घेऊ नगा."

पाहुणे जेवायला निघाले होते. रुपाली तेवढी जाता जाता थांबली. काही बोलावं की नाही असा विचार करत ती उभी राहिली. पण सकाळचं तिनं काही पाहिलेलं नव्हतं. लेकरू उन्हानं किरकिरायला लागलं, तशी तीही गेली.

"हे बघा काका," ज्योतीराम म्हणाला. आता त्याला कंटाळा आला होता. "मला भांडण नको. तुम्ही दोघं जुने दोस्त. तुमचं तुम्ही मिटवा आणि रविवारी या."

"येणार नाही," किसन म्हणाला. हे शब्द आपल्याच तोंडून आले याचं त्याला नवल वाटलं. "पण दुसरी फेरी काढायच्या आधी एवढं ऐका. बोट काठाला लागली की झाकण उघडं ठेवायचं. त्यावर कुणाला बसवायचं नाही. नळकांडी बुजवायची नाहीत, वास आला तरी. वास बाहेर येतोय म्हणजे आत साचत नाही. आणि बंद पडली तर नट सोडायचा नाही. फडकं भिजवायचं आणि थांबायचं."

"बरं, बरं."

"बरं नाही. म्हणून दाखवा."

ज्योतीराम आधी हसला. मग किसनचा चेहरा बघून त्यानं ते म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलासारखं. किसननं लाल गादी उचलून काठावर ठेवली. बोळे तिच्याशेजारी ठेवले. मग बाकाखालून आपली हत्यारांची पिशवी ओढून काढली. दोन बंदांची, जाड किंतानाची. पलीकडं सुकाणूखाली भिजवलेलं फडकं वाळत पडलं होतं. ते त्यानं राहू दिलं. लागलं असतं.

चढावर चिमाजीची जीप उभी होती. सकाळी तिच्यातूनच सगळे आले होते. दर रविवारी चिमाजी मोशीहून निघून पिंपरीला यायचा, या दोघांना घ्यायचा. एरवी इकडं यायला साधन नव्हतं. मोठा रस्ता डोंगराला वळसा घालून होता, आणि ऊन डोक्यावर आलेलं होतं.

चिमाजी त्यांच्या मागोमाग आला. जीपपाशी येईपर्यंत त्याचं हसू ओसरलं होतं.

"चल, घरी सोडतो. मग माघारी येतो. दुसरी फेरी थांबंल."

किसननं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"शेठपुढं बोलावं लागतंय रं. तुला म्हाईत न्हाई का? रान गेलं आमचं. जिथं ज्वारी व्हती तिथं आता बारा मजली बिल्डिंगी हायत. वाचमन इचारतो, कुठं निघाला बाबा. मला! माज्याच रानात!" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तू घरात बसलास तरी किसनच हायस. घरात मानूस तुला इचारतंय. मी बोटीवर असलो तरच मला कुनीतरी इचारतंय. हितनं बी काढलं तर मी काय करू?"

"मग हे सांगायचं होतंस," किसन म्हणाला. "मला सांगायचं होतंस. मी म्हणालो असतो की मी बुजवले कान. तुझ्यासाठी म्हणालो असतो."

चिमाजी खाली बघत राहिला.

"पण तू पोरीवर घातलंस."

वाऱ्यानं धूळ उडाली. खालून, पंगतीवरून, कुणीतरी आणखी भाकरी मागत होतं. किसनचा राग आता कुठं गेला होता कुणास ठाऊक. नुसतं रिकामं वाटत होतं. आणि गंमत अशी, की त्याचे पाय जीपकडे वळलेही होते. तीस वर्षं ज्याच्याबरोबर येणंजाणं केलं, त्याच्याकडे पाय आपसूक वळतात. मनाला काय वाटतं ते पाय विचारत नाहीत. थकवा आला होता. पोरगी उन्हात होती. बसावं, आणि घरी जाईपर्यंत काही बोलू नये, असं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं.

चिमाजीनं ते ओळखलं. त्यानं चटकन पुढचं दार उघडलं, सीटवरची धूळ रुमालानं झटकली आणि दीक्षाकडे बघून म्हणाला, "ये गं बाय. बस म्होरं. रागावलीस व्हय आबावर? ये, चाकनला तुला आइस्क्रीम घिऊ."

दीक्षा जीपपाशी गेली. किसनला वाटलं, बसणार. लहान आहे, ऊन आहे, बसली तर त्यात वावगं काय?

तिनं उघडं दार दोन्ही हातांनी धरलं. आणि हळूच, बाहेरूनच, लोटून लावून घेतलं. आपटलं नाही. नीट लागलं की नाही तेही हात लावून पाहिलं.

मग ती मागं आली. किसनच्या हातातल्या पिशवीचा एक बंद तिनं स्वतःच्या हातात घेतला, आणि चढाला लागली.